‘मेल्ट’चं मराठी करताना: वितळणे, विरघळणे, पाघळणे यांतला घोळ कसा टाळायचा

इंग्रजीतून मराठीत आलेला मजकूर तपासणं हा माझा रोजचा उद्योग. पाककृती, विज्ञानाचे धडे, मालिकांची उपशीर्षकं, बातम्या, सगळं येतं. मध्यंतरी एकाच आठवड्यात तीन वाक्यं समोर आली. ‘चहात साखर वितळू द्या.’ ‘तिचे अश्रू पाहून त्याचं हृदय वितळलं.’ ‘पोलीस येताच गर्दी वितळली.’ लिहिणारे तिघं वेगळे होते, पण तिघांनीही कोश उघडून ‘मेल्ट’समोरचा पहिला शब्द उचलला होता.

इंग्रजीत लोणी, गर्दी, राग आणि अणुभट्टी या सगळ्यांना एकच क्रियापद चालतं. मराठीत काय वितळतंय ते पाहून क्रियापद बदलतं. म्हणून शब्द शोधण्याआधी थोडी तयारी लागते. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिले दोन टप्पे गाळून थेट शब्दावर उडी मारणाऱ्यांच्याच कॉपीत मला सर्वांत जास्त लाल खुणा कराव्या लागतात.

## तयारी: समासात चार प्रश्न

मूळ वाक्याशेजारी पेन्सिलीने चार गोष्टी लिहा:

- काय वितळतंय?
- कशाने? (उष्णता, पाणी, दमट हवा, की भावना)
- कशात? (पाण्यात, तुपात, तोंडात, की कशातच नाही)
- शेवटी काय उरलं?

चौथा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि निम्मी उत्तरं तोच देतो. बर्फाचं पाणी उरतं, म्हणजे वस्तू तीच, फक्त रूप बदललं. साखरेचा गोड चहा उरतो, म्हणजे साखर दुसऱ्या कशात तरी गेली. गर्दीची रिकामी सडक उरते, आणि माणसं घरी पोचलेली असतात. तीन वेगळी उत्तरं आली की क्रियापदंही तीन लागणार.

हाताशी मराठी-इंग्रजी कोश ठेवा, इंग्रजी-मराठी नव्हे. मनात आलेला मराठी शब्द त्यात उलटा तपासायचा. विज्ञानाचा मजकूर असेल तर बालभारतीची नववी-दहावीची पुस्तकं जवळ असू द्या.

## टप्पा १: इंग्रजी रूप आधी ओळखा

मेल्टेड आणि मोल्टन. दोन्ही रूपं एकाच क्रियापदाची. ‘मोल्टन’ हे जुनं भूतकाळवाचक रूप आता फक्त विशेषण म्हणून उरलंय, आणि तेही प्रचंड उष्णता लागणाऱ्या गोष्टींसाठीच: धातू, काच, खडक. लोणी, चीज, बर्फ यांना ‘मेल्टेड’. मराठीत हा फरक दाखवायला ‘रस’ हा सुंदर शब्द आहे. ‘मोल्टन आयर्न’ म्हणजे लोखंडाचा रस, ‘मोल्टन ग्लास’ म्हणजे काचेचा रस. ‘वितळलेलं लोखंड’ चूक नाही, पण ‘रस’ म्हटलं की भट्टीची धग जाणवते. लोण्याला मात्र ‘रस’ लावू नका.

लाव्हा मुळातच वितळलेला असतो, म्हणून ‘वितळलेला लाव्हा’ लिहिलं की शब्द फुकट जातो. ‘तप्त लाव्हा’ पुरे. जमिनीच्या पोटात असतो तोवर तो शिलारस, बाहेर आला की लाव्हा. आणि हॉटेलच्या मेन्यूत ‘मोल्टन लाव्हा केक’ दिसला तर तो नावासकट तसाच ठेवा. एका अनुवादात मी ‘वितळलेल्या ज्वालामुखी रसाचा केक’ वाचलंय. तो कोणी मागवला असेल असं वाटत नाही.

स्मेल्ट. ‘मेल्ट’च्या आधी एक ‘स’ लागला, एवढ्यावर भागवू नका. याचा अर्थ धातुकापासून भट्टीत धातू वेगळी काढणे. पारिभाषिक शब्द प्रगलन. सोप्या लेखात ‘धातू गाळणे’ चालतं. शिवाय ब्रिटिश इंग्रजीत हाच शब्द ‘वास घेतला’ या अर्थानेही येतो, आणि थंड पाण्यातल्या एका छोट्या चंदेरी माशाचंही हे नाव आहे. त्याला ‘मांदेली’ म्हणून मोकळं होऊ नका. दिसायला आकार तसाच असला तरी तो मासा वेगळा. ‘स्मेल्ट मासा’ असंच लिहा.

थॉ. गोठलेली वस्तू पुन्हा मोकळी होणे. फ्रीझरमधले मटार ‘वितळत’ नाहीत, मटारांवरचा बर्फ सुटतो. त्यामुळे ‘मटार बाहेर काढून बर्फ सुटू द्या’.

नाम म्हणून मेल्ट. ‘टूना मेल्ट’ हा वितळलेलं चीज घातलेला गरम सँडविचचा प्रकार. नाव आहे, भाषांतर नको.

> तपासणी: वाक्यात क्रियापद आहे, विशेषण आहे की नाव, हे ठरलं का? ठरलं नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: उष्णता की पाणी?

एका पदार्थाला नुसती उष्णता मिळाली आणि घट्टाचं पातळ झालं तर वितळणे. पदार्थ दुसऱ्या द्रवात जाऊन दिसेनासा झाला तर विरघळणे. मेण वितळतं, मीठ विरघळतं. शाळेत शिकलेलं हे सगळ्यांना पाठ असतं, आणि तरी लिहिताना सुटतं. कारण बोलीभाषेतलं इंग्रजीही साखर चहात ‘मेल्ट’ झाली म्हणतं.

एकच पदार्थ दोन्हीकडे जाऊ शकतो. कोरड्या कढईत साखर घालून कॅरमल करताय, तर साखर वितळतेय. तीच साखर पाकासाठी पाण्यात घातलीत, तर विरघळतेय. मिठाचंही तसंच. पाण्यात ते लगेच विरघळतं, पण वितळवायचं म्हटलं तर ८०१ अंश सेल्सियस लागतात. म्हणून ‘पातेल्यात मीठ वितळवा’ हे वाक्य घरच्या शेगडीवर खरं होऊच शकत नाही.

या नियमाला दोन फाटे आहेत.

पहिला तोंड. चॉकलेट तोंडात जातं तेव्हा शरीराच्या उष्णतेनेच सुटतं, कारण त्यातला कोको बटर ३४ अंशांच्या आसपास पातळ होतो. शास्त्राप्रमाणे हे वितळणं. पण मराठी माणूस म्हणतो ‘तोंडात विरघळतं’. पेढा असो, नानकटाई असो, मैसूरपाक असो, जिभेवर सगळं विरघळतंच. तिथे शास्त्र बाजूला ठेवा. ‘तोंडात वितळणारी बर्फी’ असं लिहिलेली जाहिरात ऐकूनच कळते की ती इंग्रजीतून आलीय.

दुसरा दमट हवा. पावसाळ्यात डब्यातला गूळ चिकट होतो, मिठाच्या बरणीत तळाशी ओल साठते. इंग्रजी लेखात इथेही ‘मेल्ट’ येऊ शकतं. उष्णता नाही, कोणी पाणी ओतलेलं नाही, तर वितळणे आणि विरघळणे दोन्ही बाद. गूळ पाघळतो, मिठाला पाणी सुटतं. रसायनशास्त्राच्या मराठी लेखनात हवेतला ओलावा ओढून त्यातच विरघळणाऱ्या पदार्थासाठी ‘चिघळणारा’ असं विशेषण वापरलेलं दिसतं. शब्द नेमका आहे, पण आजच्या वाचकाला चिघळते ती जखम. सर्वसाधारण लेखात तो टाळा.

> सावधान: ‘विरघळणे’ लिहिलंत की लगेच विचारा, ‘कशात?’ उत्तर देता येत नसेल (आणि तोंडाचा संबंध नसेल) तर शब्द चुकलाय.

## टप्पा ३: स्वयंपाकघर

सर्वांत जास्त मजकूर पाककृतींचा येतो आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होतं, कारण वाचक वाचून थांबत नाही, करून बघतो.

तूप, लोणी, डालडा. घरात कोणी ‘तूप वितळव’ म्हणत नाही. म्हणतात ‘तूप जरा पातळ कर’. पाककृतीत ‘दोन चमचे पातळ केलेलं तूप’ किंवा नुसतं ‘पातळ तूप’ लिहा. लोण्याला ‘वितळवून घ्या’ चालतं. मात्र लोणी कढवणे ही वेगळी क्रिया आहे. कढवलेल्या लोण्याचं तूप होतं, बेरी खाली बसते, आणि केकसाठी वितळवलेल्या लोण्याची जागा ते घेऊ शकत नाही.

मोहन. ‘पिठात गरम मेल्टेड घी घालून चोळा’ असं मूळ असेल तर वितळणे, पातळ करणे, सगळं विसरा. मराठीत याला एकच शब्द आहे: ‘तुपाचं कडकडीत मोहन घाला’. शंकरपाळी, करंजी करणाऱ्या कुणालाही तो कळतो, आणि तूप किती तापलेलं हवं हेही त्यात आलं.

गूळ. चिक्कीसाठी चमचाभर तुपात गूळ घातला तर तो वितळतो, आणि मग पाकाला येतो. वाटीभर पाण्यात घातला तर विरघळतो. इंग्रजी पाककृती दोन्हीला एकच शब्द वापरते, म्हणून मूळ कृतीत पाणी आहे का हे वरच्या साहित्याच्या यादीत जाऊन बघा. वाक्यात ते नसतंच.

चीज. पिझ्झाच्या जाहिरातीत चीज किती ‘मेल्टी’ आहे हे सांगायचं असेल तर ‘वितळदार’ असले शब्द घडवू नका. चीजला तार सुटते. पाकाची तार माहीत असलेल्या वाचकाला याहून वेगळं समजावावं लागत नाही.

चॉकलेट. इथे जरा थांबा. मूळ इंग्रजीत असतं, चॉकलेट पाण्या‘वर’ मेल्ट करा. म्हणजे खालच्या पातेल्यात उकळतं पाणी, वर दुसरं भांडं, आणि त्या कोरड्या भांड्यात चॉकलेट. हाताखालून गेलेल्या एका कृतीत याचं ‘उकळत्या पाण्यात चॉकलेट वितळवा’ झालं. माझ्याही नजरेतून सुटलं. ओळखीच्या एका काकूंनी शब्दाप्रमाणे केलं. फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अरे, हे खरवसासारखं फुटलंय, याचं आता काय करू?’ पाण्याचे चार थेंबही चॉकलेटला पुरतात. ते आवळतं, रवाळ होतं, आणि मग पुन्हा गुळगुळीत करणं जिकिरीचं. तेव्हापासून मी ‘वर’ आणि ‘आत’ यांना वेगळ्या रंगाने खूण करतो. तुमच्या वाक्यात ‘भांडं पूर्ण कोरडं हवं’ एवढं तरी असू द्या.

कुल्फी, आइस्क्रीम. वितळलं म्हणा, पाघळलं म्हणा. ‘पाघळणे’त ओघळ आणि चिकटपणा दिसतो. लहान मुलाच्या मनगटावरून खाली येणारी कुल्फी पाघळलेली असते. वाटीत तशीच राहिलेली वितळलेली.

उलट बाजूचे शब्दही इथेच नीट करून घ्या. पाणी गोठतं, तूप आणि खोबरेल थिजतं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. म्हणूनच हिवाळ्यात सकाळी बाटली उन्हात किंवा गरम पाण्यात धरावी लागते. ‘तेल गोठलं’ बोलण्यात चालून जातं, पण लेखनात ‘थिजलं’ हवं.

> तपासणी: कृती कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्याने ‘म्हणजे पातळ करायचं ना?’ असं विचारलं, तर तोच शब्द लिहा.

## टप्पा ४: कोण वितळवतंय?

इंग्रजीत ‘बटर मेल्ट्स’ आणि ‘आय मेल्ट बटर’ या दोन्हींत क्रियापद तेच. मराठीत वितळणे आणि वितळवणे, विरघळणे आणि विरघळवणे, अशा जोड्या आहेत. जुन्या छपाईत ‘वितळविणे’ दिसेल. दोन्ही बरोबर, पण एका लेखात एकच ठेवा.

कर्मणी वाक्य आलं की हात आखडता घ्या. ‘लोणी वितळवलं जातं आणि साखर घातली जाते’ ही इंग्रजी वाक्याची सावली. कृतीत ‘लोणी वितळवून घ्या, साखर घाला’. त्या ‘घेणे’ला किंमत आहे, पुढच्या पायरीसाठी तयार ठेवायचंय हे ते सांगतं. असेच ‘वितळू द्या’ (आपण हात लावायचा नाही), ‘वितळायला ठेवा’ (वेळ लागेल), ‘वितळत आलं की’ (पूर्ण वितळण्याआधी पुढचं करा). इंग्रजीला यासाठी अख्खं उपवाक्य लागतं.

विशेषणांत गोंधळ होतो तो ‘मेल्टिंग’मुळे. ‘मेल्टिंग ग्लेशियर्स’ म्हणजे ‘वितळणाऱ्या हिमनद्या’, पण बातमीचा सूर दीर्घकालीन असेल तर ‘वितळत चाललेल्या हिमनद्या’. कधी ‘मेल्टिंग’ हे नाम असतं, तेव्हा ‘बर्फाचं वितळणं’. वाक्यात धोका बर्फाचा आहे की त्याच्या वितळण्याचा, हे ठरवल्याशिवाय लिहू नका.

## टप्पा ५: धातू आणि भट्टी

सोन्या-चांदीच्या मजकुरात ‘वितळवणे’ कोणालाही कळेल, पण पेढीवर बोलतात ते वेगळं. जुना दागिना आटवतात. त्या कामाला आटणी, आणि धंद्याला गलाई. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेत. त्यांच्याविषयी लिहिताना ‘सोने वितळवणारे कारागीर’ असं लिहिलं तर त्यांच्याच गावात हसतील. अडचण एवढीच की शहरी वाचकाला ‘आटवणे’ म्हणजे दूध आटवणे, म्हणजे कमी करणे वाटतं. सोनं ‘आटवलं’ वाचून सोनाराने वजन मारलं असा समज व्हायचा! म्हणून पहिल्यांदा ‘भट्टीत वितळवून, म्हणजे आटवून’ असं एकदा उलगडा आणि पुढे बिनधास्त आटवणे वापरा.

ज्यात धातू वितळवतात ती मूस, ज्यात ओततात तो साचा. हे दोन्ही शब्द सर्रास अदलाबदल होतात. ओतून घडवलेलं ते ओतीव, काम ओतकाम, आणि ओतीव लोखंड म्हणजे बीड. बिडाचा तवा आपल्या घरात असतो, तरी ‘कास्ट आयर्नचा तवा’ का लिहितात कोण जाणे.

कल्हईवाला आठवतो? तापवलेल्या पितळी पातेल्यात नवसागराची भुकटी टाकायची, पांढरा धूर उसळायचा, कथलाची कांडी टेकवली की ती लगेच सुटायची आणि कापसाच्या बोळ्याने तो सरसर फिरवायचा. कथील २३२ अंशांनाच वितळतं म्हणून हे रस्त्याच्या कडेला, हातभात्यावर जमायचं. अशा वर्णनात ‘कथील वितळलं’ हे बरोबरच आहे, पण क्रियेचं नाव कल्हई करणे. तसंच जोडकामाला डाख देणे. इंग्रजीत ‘टिन मेल्ट करून कोटिंग’ असं लांबलचक असेल तरी मराठीत एका शब्दात संपवा.

आकडे घेताना मुळातलं एकक बघा. अमेरिकी लेखात फॅरनहाइट असतं. सोनं १,०६४, चांदी ९६२, तांबं १,०८५, लोखंड १,५३८, शिसं साधारण ३२७, हे सगळे अंश सेल्सियस. लेखात सोन्यापुढे १,९४८ दिसलं तर घाबरू नका, तोच आकडा फॅरनहाइटमध्ये आहे.

आणि एक. घरातला फ्यूज. आतली तार खरोखर वितळते, त्यासाठीच ती असते. पण मराठीत फ्यूज उडतो.

## टप्पा ६: विज्ञानाचा मजकूर

‘मेल्टिंग पॉइंट’साठी द्रवणांक, विलयबिंदू, वितळबिंदू असे तीन-चार शब्द चालतात. मी द्रवणांक वापरतो, कारण उत्कलनांकाशी तो कानाला जुळतो. तुम्ही कोणताही घ्या, पण एका लेखात एकच. दुसऱ्या परिच्छेदात शब्द बदलला की विद्यार्थ्याला वाटतं ही वेगळी गोष्ट आहे.

आता सगळ्यात मोठा सापळा, फ्यूजन. भौतिकशास्त्रात ‘लेटंट हीट ऑफ फ्यूजन’ असं येतं. अणुऊर्जेच्या लेखांची सवय असलेला अनुवादक इथे ‘संमीलनाची उष्णता’ लिहून जातो. संमीलन होतं सूर्यात, हलकी अणुकेंद्रकं एकत्र येऊन. इथे ‘फ्यूजन’चा अर्थ साधं वितळणं. वितळण्याचा अप्रकट उष्मा लिहा. बर्फासाठी तो एका ग्रॅमला ८० कॅलरी. उष्णता देत राहिलात तरी बर्फ संपेपर्यंत तापमान शून्यावरच राहतं, म्हणून तो ‘अप्रकट’. हे वाक्य तपासायची सोपी युक्ती अशी: शेजारी बर्फ, मेण किंवा धातू असेल तर वितळणं, हायड्रोजन असेल तर संमीलन. गोठलेल्या हायड्रोजनवरचा लेख हातात पडला तर तेवढा अपवाद.

हवामानाच्या बातम्यांत आणखी तीन जागी घसरतात.

*हिमनदी आणि हिमनग.* ग्लेशियर म्हणजे हिमनदी, आइसबर्ग म्हणजे हिमनग. गंगोत्रीला हिमनदी आहे, हिमनग समुद्रात तरंगतो. वितळण्याचा परिणामही वेगळा. तरंगणारा हिमनग वितळल्याने समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही, जमिनीवरचा बर्फ वितळून वाहत आला की वाढते. नावात चूक झाली की पुढचं सगळं शास्त्र उलटं होतं.

*पर्माफ्रॉस्ट.* ‘कायमची गोठलेली जमीन वितळतेय’ असं छापून येतं. माती कशी वितळेल? इंग्रजीतही काटेकोर लेखक तिथे ‘मेल्ट’ टाळून ‘थॉ’ लिहितात. मराठीत ‘कायम गोठलेल्या जमिनीतला बर्फ वितळतोय आणि जमीन भुसभुशीत होऊन खचतेय’.

*मेल्टवॉटर.* ‘वितळपाणी’ असा शब्द घडवण्यापेक्षा ‘बर्फ वितळून आलेलं पाणी’. तीन शब्द वाढतात, वाढू देत.

> सावधान: द्रावण, द्रावक, द्राव्य हे विरघळण्याच्या कुटुंबातले. द्रवणांक, द्रवण हे वितळण्याच्या. दिसायला सारखे असल्यामुळे घाईत अदलाबदल होते. मुद्रितशोधनात हे पाच शब्द वेगळे शोधून बघा.

## टप्पा ७: माणसं, मन, गर्दी, राग

इथे समासातला चौथा प्रश्न, शेवटी काय उरलं, पुन्हा काढा.

मनात दया उरली असेल तर मन द्रवलं, काळजाला पाझर फुटला. प्रेमात किंवा लाडीगोडीत सापडून माणूस मऊ पडला असेल तर तो विरघळला. त्यात थोडी टिंगल असेल तर पाघळला. ‘ती हसली आणि साहेब पाघळले’ यात साहेबांची शोभा होते. अंत्यदर्शनाच्या बातमीत ‘सगळ्यांची मनं पाघळली’ लिहिलंत तर तुमची. शिवाय ‘तोंड पाघळणे’ म्हणजे नको ते बोलून जाणे, ते वेगळंच.

गर्दी पांगते. राग मावळतो किंवा निवळतो. धुकं विरतं. हिंमत खचते. पैसे ‘वितळत’ नाहीत, बघता बघता संपतात. गर्दीत ‘मेल्ट’ झालेला गुप्तहेर गर्दीत मिसळून दिसेनासा होतो. दोन देशांमधला ‘बर्फ वितळला’ हे मथळ्यांत रुळत चाललंय, तरी ‘तणाव निवळला’, ‘कोंडी फुटली’ हे आपले शब्द आधी वापरून बघा.

उकाड्याचं ‘आय ॲम मेल्टिंग’ उपशीर्षकांत हमखास येतं. ‘मी वितळतेय’ लिहिलं की पात्र मेणाचं वाटतं. ‘नुसतं शिजून निघालोय’, ‘घामाच्या धारा लागल्यात’, ‘जीव कासावीस झालाय’, यांतलं पात्राच्या वयाला आणि तोंडाला शोभेल ते घ्या. चेहऱ्यावरचा मेकअप ओघळतो, काजळ पसरतं, उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर मात्र खरंच पाघळतं. आणि पावसाला घाबरणाऱ्याला आपल्याकडे विचारतात, ‘विरघळायला तू काय साखरेचा आहेस?’ मूळ संवादात तसं काही असेल तर हे आयतं मिळालं.

‘मेल्टिंग पॉट’ला ‘वितळणारं भांडं’ म्हणू नका. भांडं वितळलं तर आतलं सगळं सांडेल. ‘अनेक संस्कृतींची मूस’ हे अर्थाला धरून आहे, कारण मुशीत सगळं एकजीव होतं. वेगवेगळ्या चालीरीती शेजारी शेजारी टिकून आहेत असं सांगायचं असेल तर ‘मूस’ही नको. मुंबईबद्दल लिहिताना हे दोनदा तपासा. मूळ लेखकाने विचार न करता शब्द वापरलेला असू शकतो.

## टप्पा ८: ‘मेल्टडाउन’ वेगळा काढा

हा शब्द आला की आधी विषय बघा.

अणुऊर्जा असेल तर अणुभट्टीचा गाभा वितळणे. ‘अणुभट्टी वितळली’ नको, वितळतं ते आतलं इंधन. १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडला गाभा अंशतः वितळला, २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळले. फुकुशिमाच्या चित्रफितींत दिसणारे स्फोट हायड्रोजनचे होते. ‘मेल्टडाउन’ला ‘अणुस्फोट’ लिहिणं ही नुसती भाषेची चूक राहत नाही.

शेअर बाजार असेल तर बाजार कोसळला. प्रोसेसरमधल्या त्रुटीची बातमी असेल तर ‘मेल्टडाउन’ हे २०१८ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या त्रुटीचं नाव आहे, तसंच ठेवा.

लहान मूल दुकानात जमिनीवर लोळत असेल तर त्याने भोकाड पसरलं, थयथयाट केला. पण लेख स्वमग्न मुलांविषयी असेल तर हे दोन्ही शब्द अन्यायाचे आहेत. तिथे आवाज, उजेड, गर्दी सहन न होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटलेला असतो, हट्टाचा प्रश्नच नसतो. ‘सहन न होऊन भान सुटणं’ असं उलगडून लिहा. एका शब्दात बसवायची घाई करू नका.

## शेवटची फेरी: एक परिच्छेद करून बघा

मशीनने दिलेला असा मजकूर घ्या:

*‘दुपारी रस्ता वितळत होता. मी वितळत होतो. आजीने वितळलेलं तूप पिठात टाकलं आणि साखर दुधात वितळवली. करंज्या तोंडात वितळल्या. माझा राग वितळून गेला.’*

समासात चार प्रश्न लिहा. रस्ता: डांबर, ऊन, ओघळ. मी: उकाडा. तूप: पिठात, गरम. साखर: दुधात. करंजी: तोंड. राग: शेवटी काहीच उरलं नाही. मग लिहा:

*‘दुपारी रस्त्यावरचं डांबर पाघळलं होतं. मी नुसता शिजून निघालो होतो. आजीने पिठात तुपाचं कडकडीत मोहन घातलं, दुधात साखर विरघळवली. करंज्या तोंडात टाकताच विरघळल्या आणि माझा राग कधी मावळला ते कळलंच नाही.’*

सहाही जागी मुळात एकच क्रियापद होतं. मराठीत ‘वितळणे’ एकदाही आलं नाही, आणि ‘विरघळणे’ लागोपाठच्या दोन वाक्यांत आलं. पहिलं साखरेचं ते हलवता येणार नाही. दुसऱ्या जागी करंजी ‘खुसखुशीत’ करून वाक्य फिरवता येईल का, ते मूळ लेखकाला विचारून घ्या. त्याला चव सांगायची आहे की पोत, हे त्यालाच ठाऊक.